कन्सिल फिटिंग

स्लॅब पडायच्या आदल्या रात्री
सळयांच्या जाळीत पाईप बांधून ठेवावा लागतो.
नंतर आठवलं तर भिंत फोडा.
म्हणून चारही मजल्यांची वीज
आधी माझ्या डोक्यात आली
आणि अजून तिथंच आहे.

पाटीवर ऑर्किड ग्रीन्स.
जागेचं नाव जिनपुरा.
इथं सरकीचा ढीग असायचा, आम्ही त्यावर उड्या मारायचो,
भोंगा झाला की आई तवा चढवायची.
जिन बंद पडली. वीस वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही.
मग सात किलोमीटरवरून मोठा रस्ता गेला
आणि कोऱ्या बुटांची माणसं टेप घेऊन आली.
शेषराव लोणारेच्या टपरीवर
पोरानं कॅफे लिहिलं, कप लहान केला.
खोलीचं भाडं आठशेवरून अडीच हजार.
सहा घरं आपापली टिनं उचलून नाल्यापलीकडे गेली,
त्यातलं एक आमचं.
अन् मी त्याच जागेवर कामाला आलो,
पॉइंटमागे एकशे तीस रुपये.

बुकिंगवाले रविवारी यायचे,
नुसत्या विटांना हात लावून पाहायचे.
तीनशे चारच्या वत्सला नगराळे, दवाखान्यातल्या सिस्टर:
“उशापाशी बटन द्या भाऊ.
रातपाळीहून आली का लाइट बंद कराले उठवत नाई.”
दिलं.
एकशे दोनचे डंभारे मास्तर
बेल कशी पाहिजे ते तोंडानं वाजवून दाखवायचे,
दर वेळी वेगळी.
तेलरांधे काकूंना देवाजवळ लाल झिरो बल्ब,
“कधीच बुजू नये असं काई करता येते का?”
येते, म्हटलं.
तेव्हा सगळंच येत होतं.

पोळ्याची सुट्टी दिली, ती अजून सुरू आहे.
छत्तीसगडचे मिस्त्री तवे बांधून गेले,
एकाची चप्पल जिन्यात आहे,
कोणी हलवत नाही.
शेठचा फोन आधी उचलला जायचा नाही,
मग लागायचा नाही,
आता तो नंबर सेलूच्या एका कॉलेजच्या पोरीचा आहे.
तिला सगळे पैसे मागतात. मीही मागितले.
ती म्हणाली, काका, तुम्ही आज चौथे.

पाईपांची तोंडं कुंभारमाश्यांनी बुजवली,
ओल्या मातीनं, एकेक,
माझ्यापेक्षा नीट.
खाली पार्किंगमध्ये मे महिन्यात
गावातली सगळ्यात थंड जागा.
नाल्यापलीकडची माणसं दुपारी तिथं येऊन निजतात,
आपल्याच जुन्या घरांच्या नंबरांवर, साधारण.
पार्बताबाई गच्चीवर कुरोड्या वाळवते
आणि तीन मजले चढून धापा टाकत शिव्या देते,
शेठला नाही, लिफ्टला.

माझे चारशे अकरा पॉइंट राहिलेत.
हिशेबाची वही घरी ठेवत नाही,
बायको पाहते.

काल सिस्टर आल्या. ड्युटीवरून, पांढऱ्या बुटांनी,
कठड्याशिवायच्या जिन्यानं, भिंतीला धरून.
मी माझी शिडी न्यायला गेलो होतो,
विकून टाकावी म्हणून.
तीनशे चारमध्ये त्या भिंतीशी पाठ करून खाली बसल्या,
पाय लांब केले,
जिथं पलंग येणार होता तिथं.
मागं न पाहता हात वर नेला,
रिकाम्या डब्यात बोट गेलं.
कुंभारमाशीची माती थोडी सांडली त्यांच्या खांद्यावर.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
“उंच झालं भाऊ. दोन इंच खाली पाहिजे होतं.”

सिस्टर, इथं मीटरही बसलं नाही,
असं तोंडाशी आलं होतं.

कानामागची पेन्सिल काढली.
विटेवर लिहिलं:
३०४. दोन इंच खाली.
आणि शिडी
तिथंच उभी ठेवून आलो.